गलगंड आणि मेंदूची आज्ञा

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी, म्हणजेच पिट्युटरी, असते. अनेक ग्रंथी तिच्या आज्ञेत वागतात, म्हणून तिला ग्रंथींची स्वामिनी म्हणत. परंतु तिच्यावरही सत्ता चालते. तिच्या वर असलेला मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून तिला रासायनिक संदेश धाडतो. अशा एका संदेशद्रव्याची रचना रॉजर गिलेमिन व अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळांनी १९६९ साली स्वतंत्रपणे उलगडली.

हे द्रव्य पोहोचताच पोष ग्रंथी आपले हॉर्मोन रक्तात सोडते आणि गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, थायरॉक्सिन तयार करते. ते रक्तात पुरेसे झाले, की तेच वरच्या दोन्ही आज्ञा मंदावते.

थायरॉक्सिन घडण्यास आयोडीन लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत ते अल्प असते. तेथे आज्ञा येतच राहते. पण द्रव्याअभावी ती पाळता येत नाही, आणि सततच्या उत्तेजनाने अवटू ग्रंथी फुगते. हाच गलगंड होय. गर्भवतीस ही उणीव तीव्र असेल, तर बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते.

आजच्या हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. गलगंडाचे प्रमाण घटले, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. तेवढे मिळाले, की आज्ञा पाळली जाते आणि आज्ञा देणाऱ्यासही विराम मिळतो.