फिरत्या घराची पायरी

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन भटकायची कल्पना मराठी घरांत रुजू लागली. पवनेच्या काठावर, ताम्हिणीच्या अलीकडे-पलीकडे किंवा दिवेआगरच्या केवड्याच्या बनाजवळ अशा गाड्या आता दिसतात. काही कॅराव्हॅन आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात, तर काही हौशी मंडळी पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली बसवून घेतात. परदेशात तिला ट्रक कॅम्पर म्हणतात.

अशी गाडी बांधायला देताना पलंग केवढा, फ्रीज कोणता, टाकीत पाणी किती मावेल, सौर पॅनेल किती वॅटचं, यावर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. दाराखालच्या पायरीचा विषय मात्र सहसा निघत नाही. फॅब्रिकेटर जे लावून देईल ते घेतलं जातं. वास्तविक मुक्कामाच्या ठिकाणी माणूस दिवसातून किती वेळा खाली-वर करतो हे मनात मोजून पाहा. चहा, आंघोळ, चपला, पाण्याची बाटली, रात्री लघवीला उठणं, असं चालूच असतं. पायरी चुकली की घरातलं सर्वांत वयस्क माणूस पहिल्याच दिवशी बाहेर खुर्ची टाकून बसतं आणि गाडीत जायचं टाळू लागतं. त्याच्यासाठी ती सहल तिथेच संपते.

उंची कुठून येते?

आपल्याकडच्या बसगाड्यांची उंची समजली की कॅम्परची उंचीही समजते. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत एसटीच्या बॉडी बांधल्या जाऊ लागल्या. या बसच्या बॉडी वर्षानुवर्षं ट्रकच्या धर्तीच्या चॅसीवर उभ्या राहिल्या. चॅसीखाली स्प्रिंगचे पाटे, पाट्यांखाली धुरा आणि मोठी चाकं, त्यामुळे बसची फरशी आपोआप उंच जाते. म्हणूनच एसटीत दांडा धरून, अंग उचलून चढावं लागतं.

पुणे शहराने यावर दोन वेगळी उत्तरं पाहिली. एक म्हणजे फरशीच खाली आणणं. केंद्राच्या शहरी बसच्या निकषांत फरशीच्या 400, 650 आणि 900 मिलिमीटर अशा तीन उंच्या आहेत. 400 मिलिमीटरच्या लो-फ्लोअर बसमध्ये एका पावलात आत जाता येतं. दुसरं उत्तर बीआरटीचं, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचं. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरुवात झाली, पुढे 2015 मध्ये रेनबो बीआरटीचे मार्ग आले. तिथे बस उंचच ठेवली आणि थांब्याचा फलाट तिच्या फरशीच्या पातळीला आणला. बस नीट फलाटाला लागली की पायरीचा प्रश्नच उरत नाही.

पिकअपवरच्या कॅम्परला यातलं काहीच करता येत नाही. हौदा उंच, त्यावर खोली, आणि मुक्काम कुठे होईल त्याचा नेम नाही. गाडी फोर-बाय-फोर असेल तर ती आणखी वर जाते. दाराची फरशी जमिनीपासून पाऊण ते एक मीटर, कधी त्याहून जास्त उंचीवर येते. तेव्हा उरतो तो एकच मार्ग: फलाट सोबत बाळगायचा.

आधी टेप, मग दुकान

पायरी विकत घेण्याआधी एक मोजमाप करायचं. गाडीत नेहमीचं सामान भरायचं, पाण्याची टाकी भरायची, सपाट जागी गाडी उभी करायची आणि जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतची उंची घ्यायची. रिकाम्या गाडीची उंची घेऊन चालत नाही, कारण भार पडला की पाटे दबतात.

समजा ही उंची 90 सेंटिमीटर आली. एक पायदान लावलं तर प्रत्येक चढ 45 सेंटिमीटरचा होतो. दोन लावली तर 30, तीन लावली तर साडेबावीस आणि चार लावली तर 18. आता घरच्या जिन्याशी ताडून पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातल्या पायरीची उंची 19 सेंटिमीटरहून जास्त नसावी. सार्वजनिक इमारतीत ती मर्यादा 15 सेंटिमीटर आहे आणि पाऊल ठेवायला 30 सेंटिमीटर रुंदी लागते. म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला घरच्यासारखं चढता यायचं तर 90 सेंटिमीटरसाठी चार पायदानं हवीत. अनेक गाड्यांखाली एक किंवा दोनच असतात. तरुणाला 30 सेंटिमीटरचा चढ सहज जमतो, पंचाहत्तरीच्या आजींना नाही.

चारही पायदानं 25 सेंटिमीटर खोल धरली तर जिना दारापासून एक मीटर बाहेर येतो. गाडी लावताना मागे तेवढी जागा मोकळी लागते, हेही आधीच डोक्यात ठेवायला हवं.

लटकती की टेकलेली?

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार मिळतात. पहिलं, बॉडीला बोल्टने घट्ट बसवलेलं पायदान. स्वस्त आणि दणकट, पण एका पायरीपलीकडे उपयोग नाही. दुसरं, दाराखालून ओढून किंवा उलगडून काढायचं घडीचं पायदान. तिसरं, विजेवर सरकणारं फूटस्टेप. दार उघडलं की बाहेर येतं, मिटलं की आत जातं. चौथा प्रकार खास ट्रक कॅम्परवाल्यांचा: कात्रीसारखा उलगडणारा, चार-पाच पायऱ्यांचा जिना. तो मिटला की चपटा होतो आणि काही प्रकारांत त्याचे खालचे पाय जमिनीवर टेकतात.

निवडीतला खरा फरक या टेकण्यात आहे. बॉडीला लटकलेल्या जिन्यावर 80 किलोचा माणूस उभा राहिला की सगळा भार एका टोकाला येतो. वेल्डिंगवर ताण पडतो, पाटे दबतात, खोली डुलते आणि आत झोपलेल्याची झोप मोडते. जमिनीवर पाय टेकलेला जिना तोच भार थेट खाली पोचवतो. तो पायाखाली हलत नाही, त्यामुळे चढणाऱ्याला धीर येतो.

पण टेकायचं तर जमीन हवी. दापोलीच्या किनाऱ्यावर वाळू, मुळशीत पावसाळ्यात चिखल, महाबळेश्वरला उतार. जिन्याचे पाय वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे हवेत आणि त्यांच्याखाली घालायला जाड प्लायच्या दोन चौकोनी फळ्या सोबत हव्यात. जिन्याला असे पाय नसतील आणि दारापाशी जमीन 15 सेंटिमीटर खोल असेल, तर आपण हिशेबाने आणलेला 18 सेंटिमीटरचा शेवटचा चढ 33 होतो. अंधारात माणूस पडतो तो याच पायरीवर.

वजनही पाहायचं. पिकअपची भार वाहायची क्षमता ठरलेली असते आणि जिना गाडीच्या अगदी शेपटीला लागतो, जिथे प्रत्येक किलो मागच्या धुऱ्यावर जास्त जाणवतो. शिवाय मिटलेला जिना फार खाली लोंबत असेल तर पुण्यातला पहिलाच मोठा स्पीडब्रेकर तो वाकवून टाकेल.

लोखंड, मीठ आणि नऊवारी

साधं लोखंड भोसरीत कुठेही वेल्ड करून मिळतं, मोडलं तर वाटेवरच्या गावातही दुरुस्त होतं. पण कोकणच्या खाऱ्या हवेत त्याला दोन पावसाळ्यांत गंज धरू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड बरं. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, मात्र त्यात साधे लोखंडी बोल्ट घातले तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर झीज सुरू होते. बोल्ट आणि पत्र्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालून घ्यावा.

पायदानाच्या पृष्ठभागाबद्दल विदेशी कॅटलॉग आपल्या कामाचे नाहीत. तिकडे धारदार दात्यांची जाळी लोकप्रिय आहे. चिखल खाली पडतो आणि बूट घसरत नाही. आपल्याकडे गाडीच्या दाराशी चपला काढल्या जातात आणि शेवटच्या पायरीवर पाऊल अनवाणी असतं. त्या जाळीवर ते कापतं. शिवाय नऊवारी असो की सहावारी, साडीचा काठ जाळीच्या भोकात किंवा दोन पायऱ्यांमधल्या मोकळ्या फटीत अडकतो. उतरताना मागून काठ अडकला तर तोल पुढे जातो. म्हणून आपल्यासाठी चेकर्ड प्लेट, तिच्यावर खरखरीत रबर, पाणी वाहून जायला मोजकी भोकं आणि मागच्या बाजूने बंद पायरी हेच योग्य. चपलांसाठी खालीच एक कप्पा करून घ्यावा, म्हणजे त्या पायऱ्यांवर पसरत नाहीत.

प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळी पट्टी रंगवायची. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्या पायऱ्यांची रांग एकसंध दिसते, पिवळ्या कडेने प्रत्येक पायरी वेगळी होते. पायरीखाली बारीक एलईडी पट्टी लावली तर रात्रीचा प्रश्नही सुटतो.

दांडा विसरायचा नाही

पायरीइतकंच महत्त्व धरायच्या दांड्याला आहे. चढताना माणूस पायाच्या बळावर जातो, उतरताना हाताच्या आधारावर. मुठीत नीट बसायला 38 ते 45 मिलिमीटर जाडीचा गोल पाइप हवा आणि तो खालच्या पायरीवरून उतरलेल्या माणसाच्याही हाताशी यायला हवा. दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूलाही एक उभा दांडा लावून घ्यावा. चढ उंच असेल तर तोंड गाडीकडे करून, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन सतत टेकलेले ठेवून उतरावं, जसे ट्रकचालक केबिनमधून उतरतात.

विजेचं फूटस्टेप घेणार असाल तर वीज गेली तरी ते हाताने आत ढकलता येतं का, आणि इंजिन सुरू करताच ते आपोआप आत जातं का, एवढं पाहा. सरकत्या पट्ट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसवर धूळ बसून यंत्रणा अडकते, कोरडा सिलिकॉन स्प्रे बरा.

नियमांचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या स्वरूपापेक्षा वेगळे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि ही मानकं तयार करणाऱ्या समितीचं सचिवालय पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत आहे. गाडी मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडूनच करून घ्या आणि धावताना जिना बॉडीच्या बाहेर राहणार नाही याची खात्री करा.

शेवटी एकच सांगणं. फॅब्रिकेटरला उरलेले पैसे देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला वर्कशॉपमध्ये घेऊन जा. नेहमीच्या चपलेत, नेहमीच्या कपड्यांत, एका हातात पाण्याचा तांब्या देऊन त्यांना दोनदा चढू-उतरू द्या. त्यांना कुणाचा हात मागावा लागला तर एक पायदान वाढवून घ्या. पलंग आणि फ्रीज पुढच्या वर्षीही बदलता येतील. पायरी मात्र गाडी ताब्यात घेण्याआधीच नीट झाली पाहिजे.