शिडाच्या होडीतला तळभार

वाशीच्या खाडीपुलावरून जाताना खाली लहान होड्या दिसतात. अशाच एका होडीला तुम्ही शीड लावले आहे, असे समजा. वारा शिडाला वरच्या भागात ढकलतो आणि होडी कलते. ती पुन्हा सरळ कशी होणार?

यावर जुना उपाय म्हणजे तळाशी वजन ठेवणे. याला बॅलास्ट किंवा तळभार म्हणतात. परंतु वजन किती, याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे आहे. होडीचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर रेटते. होडी कलली की हा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो आणि दोन बलांचे युग्म तिला सरळ करते. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके हे युग्म जोरदार. तो फार वर गेला, तर तेच युग्म होडी उलटवते!

थोडे गणित करू. होडी आणि माणसे मिळून २०० किलोग्रॅम; गुरुत्वमध्य तळापासून ४० सें.मी. वर. आता १० सें.मी. उंचीवर ४० किलोग्रॅम तळभार ठेवा. नवी उंची: (२०० × ४० + ४० × १०) ÷ २४० = ३५ सें.मी. म्हणजे ५ सें.मी.ची कमाई झाली. इतक्यात ६० किलोग्रॅमचा मित्र गंमत म्हणून उभा राहिला आणि त्याचा गुरुत्वमध्य ४० सें.मी. वर गेला. होडीचा गुरुत्वमध्य किती चढला? ६० × ४० ÷ २४० = १० सें.मी. कमावले त्याच्या दुप्पट गेले!

मोठ्या जहाजांनाही हाच नियम लागू आहे. १६२८ मध्ये स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकेचे धूड पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले. तळाशी दगड होते; पण वरचे मजले आणि तोफा यांचा भार जास्त होता. वाऱ्याच्या झोताने जहाज कलले आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले.

तळभार मधोमध ठेवावा आणि घट्ट बांधावा, कारण सुटा दगड नेमका कललेल्या बाजूलाच घरंगळतो. दगडांपेक्षा पाण्याने काठोकाठ भरलेले बंद कॅन बरे. होडीत पाणी शिरले, तरी ते तिला खाली ओढत नाहीत.

घरी करून पाहा. साबणाच्या डबीत मेणाने काडी उभी करून ती पाण्यात सोडा. एक नाणे आधी तळाशी, मग काडीच्या टोकाला चिकटवा आणि प्रत्येक वेळी फुंकर मारा. होडीतला नावाडी “खाली बसा” असे का ओरडतो, ते लगेच कळेल.