गतीचे दर्शन आणि मेंदू : गिरगावचा पडदा ते वडाळ्याचे रूळ

प्रस्तावना

१९१२ साली धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी मुंबईत एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा ठेवून सुमारे महिनाभर त्या रोपाची छायाचित्रे टिपली. त्यांतून ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा लघुपट तयार झाला. जी वाढ कुंडीसमोर दिवसभर बसूनही डोळ्यांना दिसली नसती, ती पडद्यावर स्पष्ट दिसली. पुढील वर्षी, ३ मे १९१३ रोजी, दादर येथे चित्रित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. या दोन्ही प्रसंगी पडद्यावर प्रत्यक्षात हलणारे काहीच नव्हते. एकापाठोपाठ एक अशी स्थिर चित्रे तेवढी होती. मग प्रेक्षकांनी पाहिलेली गती होती तरी कोठे?

मानवी मेंदू गतीचे आकलन कसे करतो आणि हे आकलन कोठे तोकडे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुंबईकरांच्या दृष्टीने हा प्रश्न जीवनमरणाचाही आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

गतीचा आभास

चित्रपटातील गतीचे स्पष्टीकरण ‘दृष्टिसातत्य’ या संकल्पनेने देण्याचा प्रघात आहे. दृष्टिपटलावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते आणि पुढील प्रतिमा तिच्यात मिसळते, असे अनेक पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रतिमा केवळ रेंगाळत राहिल्या असत्या, तर त्या एकमेकींवर चढून चित्र पुसट झाले असते. त्यातून गती निर्माण झाली नसती.

या प्रश्नाला निर्णायक दिशा माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ सालीच, म्हणजे फाळके वाटाण्याचे चित्रीकरण करीत होते त्याच वर्षी दिली. शेजारशेजारच्या दोन स्थिर रेषा सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागाच्या अंतराने दाखविल्या असता, एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकल्याचे दिसते, असे त्याने प्रयोगाने दाखविले. दोन घटनांमधील रिकामी जागा मेंदू भरून काढतो. गती ही अशा प्रकारे डोळ्याने आयती टिपलेली वस्तू नसून मेंदूने काढलेला निष्कर्ष असते.

मेंदूतील गतिक्षेत्र

हा निष्कर्ष टप्प्याटप्प्याने काढला जातो. दृष्टिपटलाकडून आलेले संदेश मेंदूच्या पश्चखंडातील प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोहोचतात. तेथील काही चेतापेशी विशिष्ट दिशेने होणाऱ्या हालचालीलाच प्रतिसाद देतात. मात्र अशी प्रत्येक पेशी दृश्याचा अगदी लहान तुकडा पाहते. कागदाला बारीक छिद्र पाडून त्यातून सरकणारी तिरपी रेषा पाहिली, तर ती आडवी सरकते आहे की उभी, हे सांगता येत नाही. एकेकट्या पेशीची अडचण नेमकी हीच असते.

असे अनेक तुकडे जुळवून संपूर्ण वस्तूची दिशा आणि वेग ठरविण्यात ‘व्ही-५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राचा मोठा वाटा असतो. माकडांच्या मेंदूतील या क्षेत्राचे गतीशी असलेले नाते सेमिर झेकी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्यालगतची क्षेत्रे आणखी गुंतागुंतीच्या हालचाली हाताळतात. लोकलच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब झपाट्याने मागे पळतात, तर लालबाग-परळकडील गिरण्यांची उरलेली धुरांडी संथपणे सरकतात. या प्रवाहावरूनच आपण किती वेगाने व कोणत्या दिशेने जात आहोत, हे मेंदू ताडतो.

या क्षेत्राचे महत्त्व १९८३ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मेंदूच्या या भागास इजा झाल्यानंतर तिला रंग व आकार ओळखता येत, पण गती मात्र दिसेनाशी झाली. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा दिसे आणि तो कधी काठोकाठ आला, हे कळत नसे. रस्त्यावरील मोटार आधी दूर दिसे आणि एकाएकी अगदी समोर उभी ठाके. पुढे वाढत्या आवाजावरून वाहनाच्या अंतराचा अंदाज घेण्यास ती शिकली.

रुळांवरील फसगत

निरोगी मेंदूलाही एका परिस्थितीत जवळजवळ असाच अनुभव येतो. समोरून सरळ येणारी गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही. तिची प्रतिमा केवळ मोठी होत जाते. समजा, सुमारे साडेतीन मीटर रुंदीची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येत आहे. ४०० मीटर अंतरावर तिची रुंदी डोळ्याशी अर्ध्या अंशाचा, साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा, कोन करते आणि पुढील सेकंदात तो कोन एका अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकाच वाढतो. हीच गाडी ६० मीटरवर आली की एका सेकंदातील वाढ दीड अंशाहून अधिक, म्हणजे साठपटीहून जास्त असते. परंतु तेव्हा हाती केवळ तीन सेकंद उरलेले असतात. दूरवरची गाडी वाटाण्याच्या अंकुरासारखीच असते : ती वाढत असते, पण वाढताना दिसत नाही.

यात आणखी एका भ्रमाची भर पडते. समान वेगाने जाणाऱ्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू आपल्याला संथ भासते. रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात हा मुद्दा हर्शल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडला आणि न्यूझीलंडमधील संशोधकांच्या २०१३ मधील प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली.

वडाळ्याचा प्रयोग

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग हार्बर मार्गावरील वडाळा स्थानकाजवळ २०१० च्या सुमारास करण्यात आला. ‘फायनल माइल’ या मुंबईतील संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने तेथे तीन उपाय योजले. रुळांखालील काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगविले, जेणेकरून पट्टे गाडीखाली एकामागून एक झाकले जाताना तिचा वेग जाणवावा. मेंदूला निराधार गतीपेक्षा स्थिर खुणांच्या तुलनेतील गती अधिक अचूक कळते. दुसरे म्हणजे, मोटरमनने एक लांब भोंगा देण्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यावेत, असे ठरविले. मधल्या शांततेमुळे लक्ष वेधले जाते. तिसरे म्हणजे, गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील भीती दाखविणारे फलक लावले. त्यानंतर तेथील मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तिन्ही उपाय एकत्र योजल्याने श्रेय कोणत्या उपायाचे किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही.

समारोप

रुळांवरील मृत्यूची नोंद बहुधा ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दात संपते. वरील विवेचनावरून हा शब्द अपुरा असल्याचे दिसून येते. रूळ ओलांडणारा माणूस अनेकदा गाडी पाहतो, अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर विसंबूनच पाऊल टाकतो. चूक त्या अंदाजात असते आणि ती अनुभवाने सुधारत नाही. कारण रोज सुखरूप पार पडलेला माणूस तीच चूक अधिक विश्वासाने करतो. म्हणूनच केवळ दंड आणि उपदेश पुरेसे ठरत नाहीत. पादचारी पूल माणसांच्या नेहमीच्या वाटेवर असणे, रुळांलगत कुंपण असणे आणि जेथे ओलांडणे थांबत नाही तेथे वेग जाणवून देणाऱ्या खुणा असणे, ही शास्त्राधारित गरज आहे. स्थिर चित्रांतून गती निर्माण करणाऱ्या मेंदूनेच गिरगावच्या प्रेक्षकांना हरिश्चंद्र चालताना दाखविला. पण धावत्या गाडीला संथ ठरविणाराही तोच मेंदू आहे, हे फलाटावरून रुळांत उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.