मण्यारीचा दंश : पापण्यांवरून ओळखावयाचा आजार

पावसाळ्यात पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील गावपाड्यांवर सापांचा वावर वाढतो. या दिवसांत पहाटे पोटदुखी व उलट्यांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे दुखणे पोटाचेच असते असे नाही. रात्री मण्यार चावल्याचे ते पहिले लक्षण असू शकते.

मण्यार निशाचर आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा फारशी वेदना होत नाही, सूज येत नाही; दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. म्हणून लक्षणांचे निरीक्षण हेच निदानाचे मुख्य साधन ठरते. प्रथम पापण्या गळतात. मग एका वस्तूच्या दोन दिसतात, जीभ अडखळते, थुंकी गिळवत नाही, मान धरवत नाही आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पक्षाघातात बहुधा शरीराची एक बाजू जाते. येथे दोन्ही बाजू सारख्याच दुर्बल होतात आणि हा दुबळेपणा वरून खाली उतरतो.

मज्जातंतूकडून स्नायूला आज्ञा पोहोचते ती अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करून हे रसायन बाहेर पडू देत नाही. नागाचे विष स्नायूवरील ग्राहक अडवते; त्यामुळे निओस्टिग्मिनचा उपयोग नागदंशात अधिक होतो. प्रतिसर्पविष रक्तातील विष निकामी करते, झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून ते लवकर मिळणे महत्त्वाचे.

रुग्णाला वर पाहत राहण्यास, उशीवरून मान उचलण्यास आणि एका श्वासात आकडे मोजण्यास सांगावे. मोजणी घटत गेली, तर श्वास धोक्यात आहे असे समजावे.

पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या राहतात. नातेवाइकांना तो गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो. कृत्रिम श्वास चालू ठेवल्यास असे रुग्ण काही दिवसांत बरे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो यशस्वी व्हायचा, तर भगताकडे जाणारी वाट आधी रुग्णालयाकडे वळली पाहिजे. पापणी गळू लागली की थांबू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.