तबकडीच्या कडेचा पापुद्रा

प्लास्टिकचा साचा दोन भागांचा असतो. हे भाग एकमेकांवर टेकतात त्या रेषेत वितळलेल्या प्लास्टिकला जराशी वाट मिळाली, की नव्या वस्तूच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. कारखान्यात त्याला फ्लॅश म्हणतात. तो वस्तूचाच भाग असतो, तिच्याच मालाचा, फक्त नको त्या जागी गेलेला. बादली किंवा मग यांच्यावर तो राहिला तरी कोणी तक्रार करत नाही. डिस्क गोल्फच्या तबकडीवर मात्र तो नेमका कडेवर येतो, आणि त्या तबकडीचे सारे काम कडेवरच चालते.

डिस्क गोल्फमध्ये चेंडू आणि काठीऐवजी तबकडी असते. साखळ्या लावलेल्या टोपलीपर्यंत ती कमीत कमी फेकींत पोचवायची. हा खेळ १९७०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. साखळ्यांची टोपली एड हेड्रिक यांनी त्याच दशकात तयार केली आणि पीडीजीए ही खेळाडूंची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या तबकड्या साध्या फ्रिसबीसारख्या, गोलसर काठाच्या होत्या. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीची तिरक्या काठाची ‘ईगल’ तबकडी आली आणि तिथून काठ रुंद व धारदार होत गेला. हवा आधी काठावर आदळते, बोटेही काठावरच घट्ट बसतात. तिथे खरखर उरली तर फेकताना बोटाला कापते आणि सुटण्याच्या क्षणी पकड दरवेळी सारखी राहत नाही.

फ्लॅश का येतो हे एका हिशेबातून कळते. २१ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचे क्षेत्रफळ सुमारे ३४६ चौरस सेंटिमीटर भरते. साच्यात दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो दाब धरला, तर साचा उघडू पाहणारे बल १०० टनांच्या वर जाते. यंत्राने साचा त्याहून जास्त बलाने दाबून धरला पाहिजे. तेवढेच प्लास्टिक उभट पेल्यात घातले तर हे बल बरेच कमी होते, कारण यंत्राच्या दिशेला तोंड करणारे क्षेत्रफळ कमी असते. वस्तू चपटी आणि पसरट असणे हाच तबकडीचा मूळ अडथळा आहे.

त्यात भर पडते ती साच्याच्या रचनेची. प्लास्टिक बहुधा तबकडीच्या मध्यातून आत शिरते आणि पातळ पाठीवरून पसरत शेवटी काठाला पोचते. काठ सर्वांत जाड, त्यामुळे थंड होताना तोच सर्वांत जास्त आकसतो. तो पोकळ किंवा खळगेदार होऊ नये म्हणून ऑपरेटर साचा भरल्यावरही काही सेकंद दाब धरून ठेवतो. काठ भरण्यासाठी लावलेला हाच दाब काठाबाहेर पापुद्रा ढकलतो. दाब उतरवला तर खळगा, चढवला तर फ्लॅश. बऱ्याच पाळ्यांमध्ये ऑपरेटर यातला फ्लॅश पत्करतो, कारण तो नंतर कापता येतो आणि खळगा भरता येत नाही. फ्लॅश दिसला की साचा वाया गेला, हे अनुमान म्हणूनच घाईचे ठरते.

साचा पूर्ण बंद करून टाकणे हाही उपाय नाही. आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला जागा लागते. त्यासाठी टेकणाऱ्या पृष्ठावर मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाइतक्या उथळ वाटा मुद्दाम कोरलेल्या असतात. हवा जाईल आणि प्लास्टिक अडेल एवढीच त्यांची खोली. माल जास्त तापून पातळ झाला, की अडणारे प्लास्टिकही त्याच वाटेने निघते. पापुद्रा कडेभोवती सगळीकडे सारखा असेल तर दाब, तापमान किंवा बंद धरण्याचे बल तपासतात. तो एकाच बाजूला असेल तर तिथे कचरा चिकटला आहे, साचा तिरपा बसला आहे किंवा कड झिजली आहे, असे समजून बघतात.

पापुद्रा काढायचा तर माल त्या घटकेला किती कठीण आहे यावर सगळे ठरते. साच्यातून नुकतीच निघालेली, अजून कोमट असलेली तबकडी हातात धरून कामगार काठावरून पाते फिरवतो. मध्यभागी प्लास्टिक शिरल्याची गाठही तेव्हाच छाटतात. प्लास्टिक फार गरम असेल तर पाते रुतून काठ ओढला जातो. पूर्ण थंड होऊ दिले तर कठीण प्रतीचा पापुद्रा तुटतो, पण त्याच्या मुळाशी दातेरी कड राहते. लवचीक प्रतीची अडचण निराळी आहे. पापुद्रा पात्यापुढे वाकतो आणि तुटतच नाही.

कारखान्यातून सुटलेला फ्लॅश खेळाडू घरी काढतो. कठीण प्रतीवर धारदार पाते जवळजवळ आडवे धरून खरवडणे पुरते. पाते उभे धरले की काठात खाच पडते आणि ती पापुद्र्यापेक्षा वाईट. त्यानंतर वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी जाड, मग बारीक असा काठाच्या दिशेने फिरवतात. कोरडे घासले तर घर्षणाने प्लास्टिक तापते आणि कागदाच्या दाण्यांत भरते. रबरासारख्या लवचीक प्रतीवर कागदाने लव उठते, म्हणून तिथे आधी पापुद्रा ताणून धरून बारीक कात्रीने कापावा लागतो. घासताना निघणारी धूळ ओल्या कागदावरच राहते, हाही ओल्या घासणीचा फायदा आहे.

किती घासायचे यालाही मर्यादा आहे. उड्डाण बदलेल असा फेरफार खेळाडूने तबकडीत करू नये, असा पीडीजीएचा नियम आहे. खेळताना होणारी झीज आणि साच्यातले दोष किंवा ओरखडे गुळगुळीत करण्यापुरती माफक घासणी यांना त्यात सूट आहे. काठाची गोलाई १.६ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा धारदार असू नये आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशाही अटी आहेत. २१ सेंटिमीटरच्या तबकडीला ही वजनाची मर्यादा सुमारे १७४ ग्रॅम येते. पापुद्र्याचे वजन या हिशेबात नगण्य असते. तो नियमात बसण्यासाठी नव्हे, पकडीसाठी काढतात.

मराठी घरांना याहून जुनी ओळख आहे ती दुसऱ्या तबकडीची, ग्रामोफोनच्या. कोलकात्यात १९०८ पासून तबकड्या दाबल्या जात होत्या. पुढे तो कारखाना डमडमला गेला. मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या आणि नंतरच्या काळात पॉलिडॉरच्या तबकड्याही मुंबईत निघाल्या. ‘शोले’च्या संवादांची तबकडी पॉलिडॉरचीच. या तबकड्यांत आणि डिस्क गोल्फच्या तबकडीत एक मूलभूत फरक आहे. ग्रामोफोनच्या तबकडीसाठी माल साच्यात पिचकारीसारखा सोडत नाहीत. मऊ केलेला गोळा दोन ठशांमध्ये ठेवून वाफेच्या उष्णतेने आणि शंभरेक टन दाबाने चपटा करतात, मग त्याच ठशांत पाणी खेळवून थंड करतात. खाच अगदी बाहेरच्या वळणापर्यंत भरायची तर गोळा थोडा मोठाच घ्यावा लागतो. म्हणजे कडेबाहेर सांडणे हा दोष नसून आखणीचा भाग असतो. दाबलेल्या प्रत्येक तबकडीला कडेभोवती झालर असते आणि ती कापल्याशिवाय तबकडी पुरी होत नाही.

कापण्याची रीत मालानुसार बदलली. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि मजबुतीसाठी कापसाचे तंतू मिसळलेले असत. लाख ठिसूळ असल्यामुळे झालर मोडून काढत आणि कड फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करत. भारतात अशा तबकड्या बऱ्याच उशिरापर्यंत निघाल्या, इतक्या की १९६०च्या दशकात बीटल्सची गाणीही इथे लाखेवर दाबली गेली. व्हायनिल आल्यावर तबकडी गोल फिरवून पात्याने झालर एका पट्टीत सोलून काढता येऊ लागली. व्हायनिल पुन्हा वितळते, त्यामुळे ती पट्टी दळून ताज्या दाण्यात मिसळतात. १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईत हे मिश्रण वाढले आणि श्रोत्यांना खरखर ऐकू येऊ लागली. बेकलाइटच्या स्विचची किंवा कुकरच्या मुठीची झालर मात्र पुन्हा वितळत नाही. ते तुकडे ढोलात दाणेदार मालाबरोबर घोळवून कडा झडवतात. रबराच्या वस्तू द्रव नायट्रोजनने गोठवतात. वस्तूच्या आधी पातळ पापुद्रा ठिसूळ होतो आणि आपटला की गळून पडतो.

प्लास्टिकच्या बाहेर पाहिले तर कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात नव्या मालावरचे नको ते काढून टाकण्याची जी रीत शेतकऱ्याच्या जवळची आहे, ती कापसाची. जिनात रेच्यावर कापूस चढतो. चामड्याचा रूळ आणि पट्टी यांच्यामधून रुई ओढली जाते आणि सरकी खाली पडते. तरीही सरकीच्या अंगावर आखूड लव चिकटून राहते. पेरणीला ती अडचणीची ठरते, कारण दाणे एकमेकांत गुंततात. पूर्वी घरची सरकी शेणमातीत घोळून, वाळवून, सुटी करून मग टोबत. बियाणे पाकिटातून येऊ लागले तशी ही घोळणी घरातून गेली. बीज कारखान्यात लव गंधकाम्लाने जाळतात. प्रयोगशाळेच्या मापात एक किलो सरकीला साधारण १०० मिलिलिटर आम्ल लागते. प्लास्टिकच्या भांड्यात लाकडी दांड्याने दोन-तीन मिनिटे ढवळले की दाणे कॉफीच्या रंगाचे, चकचकीत होतात. लगेच भरपूर पाण्याने चार-पाच वेळा धुवावे लागते. उशीर झाला तर आम्ल टरफलापलीकडे जाते. धुताना हलके, पोचट दाणे वर तरंगतात तेही काढता येतात. दोन कामे एका पाण्यात होतात.

आम्ल इथे चालते याचे कारण लव आणि टरफल यांचे द्रव्य वेगळे आहे. आम्ल लवेला लगेच खाते, टरफलाला उशिरा. तबकडीचा पापुद्रा आणि तबकडी एकाच द्रव्याची. जो द्रावक पापुद्र्याला विरघळवेल तो काठालाही विरघळवणार, त्यामुळे प्लास्टिकच्या धंद्यात पाते, कात्री, चाक आणि गोठवण यांच्याच आधारे काम चालते. फरक करायचा तो जाडीवरून किंवा तापमानावरून करावा लागतो, द्रव्यावरून नाही.

पापुद्रा वाढतच गेला तर पाते पुरत नाही. साचा हजारो वेळा आपटून बंद होतो आणि टेकणारी कड हळूहळू बोथट होते. एकदा फ्लॅश येऊ लागला की तोच कडेत दबून तिला आणखी चेपतो. म्हणून दोष लक्षात आल्यावर ऑपरेटरने नुसता दाब कमी करत राहणे महागात पडते. साचा यंत्रावरून उतरवतात, टेकणारी पृष्ठे पितळी पट्टीने स्वच्छ करतात, झिजलेल्या कडेवर वेल्डिंगचा थर चढवून ती पुन्हा घासून घेतात. मग एका अर्ध्यावर निळ्या शाईचा पातळ लेप देऊन साचा हळू बंद करतात. उघडल्यावर दुसऱ्या अर्ध्यावर निळा रंग जिथे उमटत नाही तिथे दोन्ही भाग अजून टेकत नाहीत. उमटलेले उंचवटे घासून पुन्हा लेप द्यायचा, पुन्हा बंद करायचा, असे कडेभोवती अखंड निळे वर्तुळ उमटेपर्यंत चालते. त्यानंतर हवेच्या वाटा नव्याने कोरून साचा यंत्रावर चढवतात आणि पहिल्या काही तबकड्या मोजमापासाठी बाजूला काढल्या जातात.