विश्लेषण : वनस्पतीच्या पेशीविभाजनाचा ‘ब्रेक’ कोणाच्या हाती?

द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून घडांचे डिपिंग होते. केळीच्या ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत एका कोंबापासून शेकडो कोंब काढले जातात. दोन्ही ठिकाणी सायटोकायनिन गटातील किंवा त्यांच्यासारखे काम करणारी रसायने वापरतात. मात्र त्यांची मात्रा दुप्पट केली म्हणून वाढ दुप्पट होत नाही. याचे कारण पेशीतल्या निरोप्या प्रथिनांत आहे.

हे संप्रेरक सापडले कसे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर तंबाखूच्या खोडातील गराच्या पेशी बाटलीत वाढवत होते. या पेशींचे विभाजन कशाने सुरू होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळाले ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या जुन्या डीएनएच्या नमुन्यात! त्यातून १९५५ मध्ये ‘कायनेटिन’ वेगळे करण्यात आले. दोनच वर्षांनी याच दोघांनी दाखवले की ऑक्सिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर पेशींचे पुढे काय होणार हे ठरते. ऑक्सिन वरचढ असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब. ऊतीसंवर्धनाचा व्यवसाय आजही याच शोधावर उभा आहे.

निरोप केंद्रकापर्यंत कसा जातो?

संप्रेरक स्वतः जनुकांना हात लावत नाही. पेशीतील पडद्यांवर बसलेल्या ग्राही प्रथिनाला ते चिकटते. अशा एका ग्राहीची ओळख २००१ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपात पटली. संप्रेरक चिकटताच ग्राहीवर फॉस्फेटचा गट बसतो. तो दुसरे प्रथिन उचलते आणि केंद्रकात नेऊन तिसऱ्याच्या हवाली करते. डाकेची थैली हातोहात पुढे जावी, तसा हा प्रकार. जिवाणूही परिसराचा अंदाज घेण्यासाठी अशीच यंत्रणा वापरतात. प्राण्यांमध्ये मात्र ती नाही.

केंद्रकातील ‘ब’ प्रकारची प्रथिने हा फॉस्फेट मिळताच जनुके चालू करतात. पुढे सायक्लिन डी३ हे प्रथिन वाढते आणि पेशी विभाजनाच्या चक्रात शिरते. हे प्रथिन मुद्दाम जास्त तयार करायला लावलेल्या पानांच्या तुकड्यांत बाहेरून सायटोकायनिन न देताही विभाजन सुरू राहिल्याचे १९९९ मध्ये दिसले.

मग ब्रेक कुठे लागतो?

चालू होणाऱ्या जनुकांत ‘अ’ प्रकारच्या प्रथिनांची जनुकेही असतात, आणि ती काही मिनिटांतच जागी होतात. ही प्रथिने त्याच निरोपाला अडवतात. म्हणजे संप्रेरक जितके जास्त, तितका ब्रेकही घट्ट. हा ब्रेक निकामी झाला तर काय होते, हे मक्याच्या एका उत्परिवर्तित वाणात दिसते. त्याच्या शेंड्यातील विभाजनक्षम पेशींचा भाग मोठा होतो आणि एकाआड एक येणारी पाने समोरासमोर जोडीने येतात. एका प्रथिनाअभावी झाडाचा नकाशाच बदलतो.

मुळांत तर सगळे उलट. तिथे सायटोकायनिन पेशींना विभाजन थांबवून प्रौढ व्हायला लावते. म्हणूनच प्रयोगशाळेत कोंब वाढवून झाले की ते सायटोकायनिन नसलेल्या माध्यमात मुळांसाठी हलवतात.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

द्राक्षातील ‘सीपीपीयू’ सायटोकायनिनसारखे काम करते, शिवाय नैसर्गिक सायटोकायनिन मोडणाऱ्या एन्झाइमला रोखते. ‘थोडे जास्तच टाकू’ ही सवय इथे महागात पडते. मणी मोठे होतात, पण रंग आणि गोडी यायला उशीर लागतो. केळीतही सायटोकायनिनची मात्रा आणि संवर्धनाच्या फेऱ्या वाढल्या की बुटकी, वेगळ्या वळणाची रोपे निघण्याचा धोका वाढतो. ती ओळखू येतात तोवर लागवड झालेली असते. त्यामुळे रोपे घेताना किमतीइतकीच फेऱ्यांचीही चौकशी करावी.

फवारणीऐवजी पिकातच बदल करता येईल का?

भातात ते दिसले आहे. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये ‘हाबाताकी’ या वाणात लोंबीला जास्त दाणे का लागतात, याचा माग काढला. त्यात सायटोकायनिन मोडणाऱ्या एन्झाइमचे जनुक मंद होते. त्यामुळे संप्रेरक फुलोऱ्याच्या शेंड्यातच साठून तिथे जास्त फुले तयार होत होती. जनुकाचे हेच रूप संकराने ‘कोशिहिकारी’ या लोकप्रिय जपानी वाणात आणल्यावर त्याचेही दाणे वाढले.