आवाजाचा सातबारा कोणाच्या नावे?

श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, ही व्यवस्था आपल्या समाजाला नवीन नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जमीन कसली त्यांच्या नावे सातबारा नव्हता. परंतु आवाजाचाही सातबारा असतो आणि तोही परस्पर दुसऱ्याच्या नावे चढतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. ते यावे म्हणून एका परदेशी गाण्याची हकिकत सांगणे भाग आहे.

‘राइड ऑन टाइम’ हे त्या गाण्याचे नाव. ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन गटाने १९८९ साली ते सिंगल म्हणून, म्हणजे एकाच गाण्याची स्वतंत्र तबकडी म्हणून बाजारात आणले. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेले सिंगल तेच. करणारे तिघे होते : डॅनिएले दावोली हा डीजे, मिर्को लिमोनी हा कीबोर्डवाला आणि व्हालेरिओ सेंप्लिची हा क्लॅरिनेटचा शिक्षक. सॅम्पलर नावाच्या यंत्रात ध्वनीचा तुकडा साठवता येतो. कळ दाबली की तो वाजतो, हवा तेथे तोडता येतो, हवा तितक्या वेळा फिरवता येतो. या तिघांनी यंत्राच्या ठेक्यावर पियानोचे ठसठशीत सूर बसवले आणि त्यावर एका बाईचा बुलंद आवाज तुकड्यातुकड्याने चिकटवला. मूळ शब्द ‘राइट’ होता, यांनी तो ‘राइड’ असा ऐकला आणि तेच गाण्याचे नाव झाले. आवाज उचलला, पण ती बाई काय म्हणते आहे तेही नीट ऐकले नाही!

ती बाई म्हणजे लोलिएटा हॉलोवे. १९४६ साली जन्मलेली, शिकागोची कृष्णवर्णीय गायिका. आईच्या भक्तिगायनवृंदात तिचा गळा तयार झाला. डॅन हार्टमनने लिहिलेले ‘लव्ह सेन्सेशन’ हे गाणे तिने १९८० साली गायिले. इटालियनांनी उचलला तो याच गाण्यातला आवाज. नव्या तबकडीवर तिचे नाव नव्हते. टीव्हीवर तर कात्रिन किनोल नावाची सडपातळ फ्रेंच मॉडेल तिच्या आवाजावर ओठ हलवत होती. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही मॉडेलही कृष्णवर्णीयच होती. म्हणजे एका कृष्णवर्णीय स्त्रीचा गळा घेतला, दुसरीचा चेहरा घेतला आणि दोघींपैकी एकही पूर्ण माणूस म्हणून समोर येऊ दिली नाही. कात्रिनला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. दोष धंद्याच्या रीतीचा आहे.

हॉलोवेने वकिलांमार्फत दाद मागितली. तडजोड झाली, रक्कम मिळाली, आकडा जाहीर झाला नाही. पण प्रश्न एका गायिकेपुरता नव्हता. याच गटाच्या पुढच्या अनेक गाण्यांत मार्था वॉश गायिली आणि तिचेही नाव गाळले गेले. ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’ने १९९० साली तिचाच आवाज वापरून व्हिडिओत दुसरीला उभे केले. कारण काय, तर मार्था अंगाने स्थूल! तिने एकामागून एक दावे लावले. कंपन्यांना तडजोड करावी लागली आणि गायिकेचे नाव छापण्याची सवय त्या धंद्याला लागू लागली. १९९१ साली मार्की मार्कच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये हॉलोवेचा तोच ‘लव्ह सेन्सेशन’मधला आवाज वापरला, पण यावेळी तिचे नाव गाण्यावर होते आणि व्हिडिओत ती स्वतः होती. हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. नाव दिल्याने कोणाचा धंदा बुडाला? २०११ साली हॉलोवे वारली, ती निदान नावासकट.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. मग त्यांच्या कोर्टकचेरीतूनही आपण काही घ्यायचे की नाही?

आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर भीमगीते वाजतात. तरुण नाचतात, त्यात गैर काही नाही. परंतु गीत कोणाचे, चाल कोणाची, गायले कोणी, हे मिरवणुकीतल्या किती जणांना सांगता येईल? वामनदादा कर्डकांसारखे कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत. चोखोबा आणि सोयराबाईंपासूनची ही रीत आहे. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, छापखाना नव्हता, त्यांनी आपली सही गाण्यातच ठेवली. रिमिक्स करणारा धृपद ठेवतो, ठेका वाढवतो आणि नेमके ते शेवटचे कडवे कापतो. हे केवळ गाणे आखूड करणे नव्हे. ही सही खोडणे आहे.

आता कायदा पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाचा स्वतंत्र हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा आहे. म्हणजे आपला शाहीर आणि आपला वक्ता, दोघेही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब आले. हक्क विकले तरी, ही कला माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार गायकाकडेच राहतो. व्यापारी वापरात त्याला रॉयल्टीचाही हक्क आहे. कवीसाठी कलम ५७ आहेच. पण फटही पाहा. वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावे लागले, तर ३८ब सूट देते. आणि तबकडीवर काय छापावे हे सांगणारे कलम ५२अ ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे व कॉपीराइटच्या मालकाचे नाव-पत्ता मागते, गायिकेचे नाव मागत नाही! मालकाची नोंद सक्तीची आणि राबणारीची ऐच्छिक. हीच ती जुनी व्यवस्था.

आता तर संगणकाला आवाज शिकवून मृत गायकाकडूनही नवे गाणे म्हणवून घेता येते. जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या आपल्या आया-आज्यांचा आवाज उद्या कोणत्या ठेक्यावर वाजेल, सांगता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. जयंती उत्सव समित्यांनी डीजेशी ठरवतानाच कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे पुकारण्याची आणि नावाचे कडवे न कापण्याची अट घालावी. गायक-शाहिरांनी कोऱ्या कागदावर सही करू नये आणि कराराची प्रत घरात ठेवावी. शाहिरांच्या वारसांनी गीतांची यादी, वह्या, जुन्या कॅसेटची वेष्टणे जपावीत. उद्या न्यायालयात पुरावा म्हणून तीच उभी राहतील.

ज्या चळवळीने माणसाला माणूस म्हणून नाव मिळवून दिले, तिच्याच मिरवणुकीत तिचा गायक निनावी राहता कामा नये.

जय भीम!